हृदयरोग्याची नोंद : कागदाकडून संगणकाकडे

हृदयविकार हा बहुधा जन्माची सोबत करणारा विकार होय. त्यामुळे त्याच्या उपचारात आजच्या तपासणीइतकेच पूर्वीच्या नोंदींना महत्त्व असते. असे असूनही या नोंदी सांभाळण्याचे काम आपल्याकडे बव्हंशी रुग्णाच्या पिशवीवरच सोपविले गेले आहे.

त्या पिशवीतील सर्वांत नाशवंत कागद म्हणजे ईसीजीची पट्टी. ती पुष्कळदा थर्मल कागदावर, म्हणजे उष्णतेने काळ्या पडणाऱ्या कागदावर काढलेली असते. काही वर्षांत तिच्यावरील रेषा फिकट होत जाते. ती टिकावी म्हणून कोणी पट्टी लॅमिनेट करून घेतात. यंत्राच्या उष्णतेने ती काळवंडते आणि जपण्याच्या सद्हेतूनेच पुरावा नष्ट होतो!

हे नुकसान लहान नाही. छातीत दुखते म्हणून मध्यरात्री आलेल्या रुग्णाच्या आलेखात एसटी हा भाग उंचावलेला दिसला, तर तो नवा झटका समजून गुठळी विरघळविणारे औषध द्यावे लागते किंवा तातडीने अँजिओप्लास्टी करावी लागते. परंतु जुन्या झटक्याने हृदयाच्या भिंतीला फुगवटा आला असेल, तर तशीच खूण आलेखात कायमची राहू शकते. विलंब करावा तर स्नायू मरतो. औषध द्यावे तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका थोडा का होईना, असतोच. अशा वेळी जुना आलेख पडद्यावर शेजारी ठेवता आला, तर निर्णयाला भक्कम आधार मिळतो.

कृत्रिम झडप बसविलेल्या रुग्णांची गोष्ट निराळी. मिट्रल झडपेच्या जागी धातूची झडप असल्यास रक्त पातळ ठेवणारे औषध आयुष्यभर घ्यावे लागते व आयएनआर हा आकडा सर्वसाधारणपणे २.५ ते ३.५ या दरम्यान राखावयाचा असतो. तो घसरला तर झडपेवर गुठळी, चढला तर रक्तस्राव. जुलाबावर दिलेल्या मेट्रोनिडाझोलनेही तो चढतो. औषधाची मात्रा आणि आयएनआर यांचा कित्येक महिन्यांचा क्रम एका दृष्टिक्षेपात दिसणे आणि विसंगत औषध लिहिताच संगणकाने इशारा देणे, हे कागदाला साधणारे नव्हे.

केंद्र शासनाने अशा नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर करून २०१६ मध्ये सुधारली. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी प्रारंभ झाला. त्यातील १४ अंकी आभा क्रमांकाने निरनिराळ्या रुग्णालयांतील नोंदी जोडता येतात. नोंदी त्या त्या रुग्णालयाकडेच राहतात व रुग्णाच्या संमतीनेच दुसऱ्या डॉक्टरास दिसतात.

तथापि केवळ संगणक आणल्याने नोंद सुधारत नाही. मागील भेटीचा मजकूर जसाच्या तसा उतरविला, तर बंद केलेले औषध कागदोपत्री चालूच राहते. एकाच व्यक्तीचे नाव रोमन लिपीत तीन प्रकारे लिहिले गेल्यास तिची तीन खाती होतात. पडद्याकडे पाहणाऱ्या डॉक्टरांचे रुग्णाच्या सुजलेल्या पायांकडे दुर्लक्ष होते, ही तक्रारही अगदीच निराधार नाही.

जेथे ही सोय अद्याप पोहोचलेली नाही, तेथील रुग्णांनी ईसीजीची पट्टी मिळेल त्याच दिवशी तिची साधी झेरॉक्स प्रत काढून तीवर तारीख घालावी, मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि मूळ पट्टी उन्हापासून दूर ठेवावी. लॅमिनेट मात्र करू नये.