बिब्बा, गाजरगवत आणि कोड

किनवटच्या रानालगत राहणाऱ्या मुलांस बिब्बा म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. त्याचें तेल अंगास लागलें कीं तो कित्येकांस उततो. कातडी लाल होऊन सुजते, फोड येतात व असह्य खाज सुटते. बिब्ब्याचें तेल दाहक आहेच. पण एकास थेंबभर तेलानें अंगभर त्रास व्हावा आणि दुसऱ्यास तेवढ्यानेंच फारसें कांहीं होऊं नये, हें कसें?

ह्याचें उत्तर आपल्याच शरीरांत आहे. रोगजंतूंशीं लढणाऱ्या पेशी आपल्या अंगांत पहारेकऱ्यांप्रमाणें फिरत असतात. कधीं कधीं त्या एखाद्या परक्या पदार्थास शत्रु मानून ध्यानांत ठेवितात व तो पुन्हां भेटतांच त्यावर तुटून पडतात. ह्या लढाईंत पोळते ती आपलीच त्वचा. ह्यासच ॲलर्जी म्हणतात. गाजरगवताचें उदाहरण प्रसिद्ध आहे. हें अमेरिका खंडांतील तण 1955 च्या सुमारास पुण्यांत आढळलें व पुढें सर्वत्र पसरलें. त्याचे सूक्ष्म कण वाऱ्यानें उडून शेतकऱ्याच्या पापण्यांस, मानेस व कोपराच्या लवणीस लागतात आणि तेथें चिवट इसब होतो.

दुसऱ्या प्रकारांत पहारेकरी घरच्याच माणसांवर शस्त्र धरितात. कोडामध्यें त्वचेस रंग देणाऱ्या पेशी अशाच नष्ट होतात. जगांत दर दोनशें माणसांत सुमारें एक ते चार जणांस कोड असतें. पेम्फिगस नांवाच्या रोगांत ह्याच कारणानें अंगावर व तोंडांत फोड येतात.

आतां गणिताचा एक प्रश्न. इस्पितळांत आलेल्या शंभर त्वचारोग्यांपैकीं वीस इसबाचे निघाले, असें समजा. तर गांवांतील दर शंभर माणसांत वीस जणांस इसब आहे काय? मुळींच नाहीं. खाज माणसास झोपूं देत नाहीं, म्हणून इसबाचा रोगी वैद्याकडे धांवतो. कोड बहुधा दुखत नाहीं. तो रोगी पुष्कळदां लाजेनें घरींच राहतो. पेम्फिगस गांवांत क्वचित् आढळतो. पण रोग भारी असल्यानें इस्पितळाच्या खाटांवर तो अधिक दिसतो. सारांश, इस्पितळाचा आंकडा रोगाइतकाच दुःखाचा, भीतीचा व लाजेचाहि असतो.

ही लाज अज्ञानाची लेक आहे. कोड, इसब वा पेम्फिगस स्पर्शानें लागत नाहीं. कोड म्हणजे कुष्ठ नव्हे; कुष्ठाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळत नाहीं, कोडाच्या डागावर तो कळतो. शिवाय कुष्ठहि आज औषधानें पूर्ण बरें होतें. तरी पांढऱ्या डागापायीं मुलींचीं लग्नें मोडतात, वर्गांत शेजारचा बांक रिकामा राहतो. लोक ज्यास दूर लोटीत, त्या रोग्यास प्रभु येशूनें हात लावून बरें केलें, हें आपण जाणतों.

म्हणून पालकांस विनंति कीं, डाग लपवूं नये आणि दुकानांतून मनास येईल तें मलम आणून लावूं नये. नांदेडसारख्या ठिकाणीं त्वचारोगतज्ज्ञास दाखवावें. आणि मुलांनो, त्या रिकाम्या बांकावर तुम्ही जाऊन बसा.