इच्छेचे शब्द व त्यांचीं क्रियापदें
(खेड्यांतील उपदेशकांकरितां धडा)

दहावी आज्ञा शिकवितांना श्रोते बहुधा एक प्रश्न काढतात: कपाशीला यंदा बरा भाव यावा असें मनांत येतें, तर तेंही पाप कीं काय? घाईनें ‘होय’ म्हटलें तर शेतकरी निराश होतो. घाईनें ‘नाहीं’ म्हटलें तर आज्ञा पोकळ होते. म्हणून उत्तरापूर्वीं आपल्या बोलण्यांतील इच्छेचे शब्द नीट पारखून घ्यावे.

१. शब्दांचीं मुळें.

‘तृष्णा’ हा ग्रंथांतील शब्द, ‘तहान’ हा घरांतील. तरी दोन्ही एकच आहेत. संस्कृत ‘तृष्णा’ प्राकृतांत ‘तण्हा’ झाली, आणि तिचीच मराठींत ‘तहान’ झाली. १९५६ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं नागपुरास बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतही बौद्ध घरें पुष्कळ आहेत. त्यांच्या पाली ग्रंथांत दुःखाचें मूळ म्हणून जी ‘तण्हा’ सांगितली आहे ती हीच.

‘लोभ’ हा शब्द ऐकतांच आपणांस पाप आठवतें. परंतु आपले वाडवडील पत्राच्या शेवटीं ‘लोभ असावा’ असें लिहीत; तेथें त्याचा अर्थ ममता. ‘वासना’ या शब्दाचेंही असेंच आहे. आजाऱ्याची अन्नावरची वासना उडाली, असें म्हणतांना कोणी लाजत नाहीं. पण तोच शब्द एकटा उच्चारला तर विषयवासना मनांत येते.

आपल्या जिल्ह्याच्या रानांतील मोहाच्या झाडाविषयींही सावध असावें. झाडाचें नांव ‘मधूक’ या शब्दावरून आलें आहे. मनाचा मोह ‘मुह्’ म्हणजे भ्रम पडणें या धातूचा. मोहाच्या फुलांची दारू काढतात म्हणून झाडास हें नांव पडलें, असा उपदेश करूं नये. तींच फुलें वाळवून गरिबांनीं टंचाईच्या दिवसांत पोट भरलें आहे.

२. क्रियापद पाहावें.

नुसत्या शब्दावरून निवाडा होत नसेल, तर त्याच्या जोडीचें क्रियापद पाहावें. भूक लागते, तहान लागते, इच्छा होते, आशा वाटते. या सर्व ठिकाणीं आपण ‘मला’ म्हणतों, ‘मी’ म्हणत नाहीं. कारण हीं आपण होऊन येतात. गरोदर स्त्रीस डोहाळे लागतात, आणि घरचीं माणसें ते कौतुकानें पुरवितात. हाव मात्र सुटते, बांध फुटून पाणी सुटावें तशी. आणि लोभ काय होतो? लोभ धरितात. धरणें हें मुठीचें काम आहे. मनांत आलेली गोष्ट सोडून न देतां आवळून ठेवणें, हा लोभ. आणि त्याचा कर्ता ‘मी’.

३. तलफेविषयीं.

तलफ येते, पण त्याआधीं चटक लागलेली असते. खर्ऱ्याची पहिली चिमूट मनुष्य आपल्या हातानें घेतो. पुढें तंबाखूंतील निकोटीन मेंदूस संवय लावितें, आणि मग तलफ न बोलावितां येते. खर्रा सोडणाऱ्यास पहिले दिवस फार जड जातात: चिडचिड होते, झोप येत नाहीं, कामांत लक्ष लागत नाहीं. अशा मनुष्यास ‘तूं लोभी आहेस’ म्हणणें हें आजाऱ्यास मारण्यासारखें आहे. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. परंतु ज्याला चटक लागली आहे त्यास बंदीइतकीच सोबतीचीही गरज असते. त्यास दवाखान्यांत घेऊन जावें, आणि ते पहिले दिवस त्याच्याजवळ बसावें.

४. आज्ञेचा अर्थ.

निर्गम २०:१७ यांत शेजाऱ्याचें घर, स्त्री, दासदासी, बैल व गाढव यांचीं नांवें आहेत. बैल असावा असें वाटण्यास तेथें मनाई नाहीं. शेजाऱ्याच्या दावणीचाच बैल मनांत धरून बसण्यास आहे. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेंतील ‘एपिथुमिया’ हा शब्द याकोब १:१४ यांत पापाकडे ओढणाऱ्या वासनेस लाविला आहे. आणि लूक २२:१५ यांत शिष्यांसह वल्हांडणाचें भोजन करण्याची प्रभूची उत्कट इच्छाही त्याच शब्दानें सांगितली आहे. यावरून इच्छा ही स्वतः दोषी नव्हे. ती कशाची आहे, आणि आपण ती कशी धरितों, हें पाहावयाचें.

तेव्हां कपाशीच्या भावाची वाट पाहणाऱ्यास सांगावें कीं, ही तुझी आशा आहे. ती सोडूं नको. आपल्या जिल्ह्यांत नापिकीनें व कर्जानें गांजून किती शेतकऱ्यांनीं आपला जीव दिला, हें सर्वांस ठाऊक आहे. अशा गांवीं जाऊन आशेलाच पाप ठरविणारा उपदेशक बुडत्याच्या हातांतील दोर कापतो. मात्र मापांत खोट करून किंवा शेजाऱ्याचा धुरा कोरून जो आपलें वाढवितो, त्यास तितक्याच स्पष्टपणें सांगावें कीं, हा लोभ होय.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न:

१. आपल्या गांवच्या बोलींत इच्छेचे आणखी कोणते शब्द आहेत? प्रत्येकाचें क्रियापद कोणतें?

२. आस, हौस, हव्यास यांत भेद काय?

३. या आठवड्यांत आपल्या मनांत काय आलें, आणि त्यांपैकीं आपण काय धरून ठेविलें?