विसरलेले मोजता येते काय?

वर्गात प्रश्न विचारला की एखादा विद्यार्थी उभा राहतो आणि म्हणतो, "सर, काल पाठ केलं होतं, आज सगळं गेलं!" खरोखरच 'सगळे' गेले काय? तापमान मोजायला तापमापक आहे. पण जे आठवतच नाही, ते कशाने मोजायचे?

ही युक्ती हेर्मान एबिंगहाउस (१८५०–१९०९) या जर्मन मानसशास्त्रज्ञाने काढली. त्याला स्फूर्ती मिळाली ती गुस्टाफ फेख्नरच्या १८६० सालच्या ग्रंथातून. हा फेख्नर लाइपझिगला भौतिकीचा प्राध्यापक होता, हे सांगताना आम्हां भौतिकीवाल्यांची मान जरा ताठ होते! संवेदना मोजता येतात असे फेख्नरने दाखवले होते. एबिंगहाउसने स्मृती मोजायला घेतली.

ओळखीचे शब्द घेतले तर काही आधीच मनात असणार. म्हणून त्याने व्यंजन, स्वर, व्यंजन असे सुमारे २,३०० निरर्थक अक्षरसमूह बनवले. मराठीत 'नुघ', 'फेढ', 'झोम' असे काही म्हणता येईल. मिनिटाला १५० या ठरावीक वेगाने ते म्हणायचे आणि न चुकता म्हणता येईपर्यंत थांबायचे नाही. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर करायचा तोही तोच.

आता युक्ती पहा. एक यादी पाठ व्हायला २० मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी ती आठवत नाही; पण पुन्हा पाठ करायला १३ मिनिटेच पुरली. वाचलेली ७ मिनिटे म्हणजे ३५ टक्के. तेवढे मनात शिल्लक होते! आठवत नव्हते, पण गेलेही नव्हते.

अशा मोजमापांतून त्याला १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे आकडे मिळाले: सुमारे २० मिनिटांनी बचत ५८ टक्के, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४, सहा दिवसांनी २५ आणि ३१ दिवसांनी २१. किरणोत्सारी पदार्थाच्या ऱ्हासासारखे हे असते तर? दर २० मिनिटांनी ५८ टक्केच उरत गेले असते, तर तासाभरात २० टक्क्यांखाली यायला हवे होते. तसे होत नाही. विस्मरणाला अर्धायुष्य नाही. त्याचा वेग सुरुवातीला प्रचंड असतो आणि मग मंदावत जातो. २०१५ साली अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा वक्र जवळजवळ तसाच आला.

परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी आणखी एक आकडा पाहावा. बारा अक्षरसमूहांची यादी एका बैठकीत ६८ वेळा म्हणून जे साधले, ते तीन दिवसांत विभागून ३८ वेळा म्हटल्यानेही साधले. अर्थ असलेल्या मजकुराची तर गोष्टच वेगळी. बायरनच्या काव्यातील कडवी पाठ करायला त्याला सुमारे एकदशांश श्रम पडले. प्रमेय न समजता घोकणारे बाकीचे नऊ हिस्से उगाच भरतात, असे माझे मत.

घरी करून पहा. तेरा निरर्थक अक्षरसमूह कागदावर लिहा. मित्राला एकदा दाखवून घ्या, त्याला एखाद्यात हटकून अर्थ सापडतो! न चुकता दोनदा म्हणता येईपर्यंत लागलेला वेळ टिपा. कागद चोवीस तास बंद ठेवा आणि उद्या त्याच वेळी पुन्हा पाठ करा. दोन वेळांतील फरकाला पहिल्या वेळेने भागून शंभराने गुणा. वर्गातील सर्वांचे आकडे फळ्यावर मांडले, तर एबिंगहाउसला एकट्याला जे करता आले नाही तेही तुम्हांला पाहता येईल: माणसामाणसांत किती फरक पडतो ते.