चरित्रपाठ : गोल्फपटू पॉल एझिंगर – आजारपण, श्रद्धा आणि आपलं सांगणं



गेल्या वर्षी चौथीच्या वर्गात मी अमेरिकन गोल्फपटू पॉल एझिंगर यांची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाले, "त्यांना कॅन्सर झाला, पण त्यांची देवावर श्रद्धा होती आणि ते बरे झाले." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मधल्या सुट्टीत एक मुलगी डबा न उघडताच माझ्या टेबलाजवळ आली. "बाई, आज्जीसाठी आम्ही पण रोज देवाला सांगत होतो. मग ती का नाही बरी झाली?"

मला काही उत्तर देता आलं नाही. घरी येऊन हे चरित्र परत नीट पाहिलं, तेव्हा कळलं की चूक माझ्या सांगण्यात होती. म्हणून हा पाठ नव्याने मांडते आहे.

खेळाडू म्हणून ओळख

एझिंगर यांचा जन्म 6 जानेवारी 1960 रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. 1981 मध्ये ते व्यावसायिक गोल्फपटू झाले. मुलांना गोल्फ माहीत नसतो, तेव्हा आधी एवढं सांगा : काठीने चेंडू मारत एकामागून एक 18 खळग्यांत घालायचा आणि ज्याला सगळ्यांत कमी फटके लागतील तो जिंकला. वाटेत वाळूचे खड्डे असतात, त्यांना बंकर म्हणतात.

1987 च्या ब्रिटिश ओपनमध्ये दोन होल उरले असताना एझिंगर पुढे होते. पण त्या दोन्ही होलवर एकेक फटका जास्त लागला आणि निक फाल्डो एका फटक्याने जिंकले. पुढे 1993 मध्ये मेमोरियल स्पर्धेत शेवटच्या होलवर त्यांनी बंकरमधून चेंडू थेट खळग्यात घातला. ज्यांना हरवलं ते पेन स्टुअर्ट त्यांचे जिवलग मित्र! हरलेल्या मित्राने काय केलं? अभिनंदन केलं आणि गुपचूप त्यांच्या बुटांत केळी भरून ठेवली. हा प्रसंग मुलांना फार आवडतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एझिंगर यांनी ग्रेग नॉर्मन यांना हरवून पीजीए चॅम्पियनशिप ही मोठी स्पर्धा जिंकली.

आजारपण

त्यांचा उजवा खांदा बरेच दिवस दुखत होता. 1993 च्या डिसेंबरमध्ये निदान झालं, खांद्याच्या मागच्या हाडात लिम्फोमा नावाचा कॅन्सर. वय अवघं 33, घरी दोन लहान मुली. सहा महिने किमोथेरपी आणि पाच आठवडे रेडिएशन घेतलं. ऑगस्ट 1994 मध्ये ते पुन्हा मैदानात उतरले.

मी नेमका हाच उपचारांचा भाग घाईत गाळला होता. डॉक्टर, औषधं, महिनोन् महिने सोसलेला त्रास, काहीच सांगितलं नाही. थेट श्रद्धेवरून बरं होण्यावर उडी मारली.

त्यांनी काय लिहिलं?

1995 मध्ये केन अब्राहम यांच्या सोबतीने लिहिलेलं त्यांचं 'झिंगर' हे पुस्तक आलं. त्यात खेळ आहे, आजार आहे आणि त्यांची ख्रिस्ती श्रद्धाही आहे. पैसा आणि विजय यांचा आनंद थोडा वेळच टिकतो, खरं समाधान आपल्याला येशूवरच्या श्रद्धेत मिळालं, असं ते सांगत आले आहेत. पण त्यामुळे आपल्या अडचणी संपल्या, असं मात्र ते म्हणत नाहीत. हा फरक बारीक वाटतो, पण वर्गात तोच महत्त्वाचा आहे.

मित्राचा मृत्यू

पेन स्टुअर्टही श्रद्धावान ख्रिस्ती होते. जून 1999 मध्ये त्यांनी यूएस ओपन जिंकली. चारच महिन्यांनी, 25 ऑक्टोबरला, त्यांच्या विमानातला हवेचा दाब गेला आणि विमान साउथ डकोटा राज्यात कोसळलं. ते 42 वर्षांचे होते.

स्टुअर्ट मैदानावर गुडघ्यापर्यंतची विजार, लांब मोजे आणि खास टोपी घालत. त्यांच्या शोकसभेत एझिंगर बोलायला उभे राहिले, तशीच टोपी घातली, पँटचे पाय मोज्यांत खोचले आणि मगच मित्राच्या आठवणी सांगितल्या. 2000 च्या जानेवारीत त्यांनी हवाईमध्ये स्पर्धा जिंकली. आजारपणानंतरचा तो पहिला विजय.

आता बघा, श्रद्धा दोघांचीही होती. एक वाचला, एक गेला. मग "श्रद्धा होती म्हणून वाचला" असं आपण मुलांना कसं सांगणार?

वर्गात असं घेऊन पाहा

1. फळ्यावर दोन रकाने करा : 'काय घडलं' आणि 'त्यांना काय वाटलं'. किमोथेरपी पहिल्या रकान्यात, श्रद्धेतून मिळालेलं समाधान दुसऱ्यात. दोन्ही खरं आहे, पण एक दुसऱ्याचं कारण आहे असं लिहू नका.
2. मुलांना विचारा : हरल्यावर स्टुअर्टनी जे केलं, ते तुम्हाला जमेल का? शोकसभेत एझिंगरनी तशी टोपी का घातली असेल?
3. वर्गात कुणाच्या घरी मोठं आजारपण चालू असेल तर हा पाठ घेण्याआधी पालकांशी बोला. गरज वाटली तर पुढे ढकला.

पालकांनाही एक विनंती. आपल्या घरातही आजारपणात नवस बोलतात, दिवा लावतात. जरूर लावा. पण "तू मनापासून प्रार्थना कर म्हणजे बाबा बरे होतील" हे ओझं मुलाच्या डोक्यावर ठेवू नका. उद्या उलट झालं तर ते मूल स्वतःलाच दोषी धरेल.

ती मुलगी आता पाचवीत आहे. नव्याने पाठ तयार झाल्यावर मी तिला बोलावून सांगितलं, "तुझ्या प्रार्थनेत काही कमी नव्हतं. आज्जीचा आजार मोठा होता. त्या दिवशी बाईंनी गोष्ट अर्धीच सांगितली होती." ती म्हणाली, "मग उरलेली सांगा ना." मी सांगितली. केळ्यांच्या प्रसंगाला ती खळखळून हसली.