रविवारची उपासना, सोमवारचा तराजू

प्रश्न : नांदुऱ्यात माझं छोटं किराणा दुकान आहे. दर रविवारी उपासनेला जातो. पण गल्ल्यावर बसून ख्रिस्ती विश्वास कसा जगायचा?
– एक वाचक, नांदुरा

उत्तर : सुरुवात तराजूपासून करा. खोट्या मापाला लेवीय 19 मध्ये स्पष्ट मनाई आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून घ्या. कायद्याचं पालन हीसुद्धा साक्षच. उधारी वहीत गिऱ्हाइकासमोर लिहा. जुन्या व्यवहारात कुणाचं जास्त घेतलं असेल, तर परत करा. जकातदार जक्कयाने तर चौपट परतफेड कबूल केली होती (लूक 19). हमालाची मजुरी त्याच दिवशी द्या. गिऱ्हाईक कोणत्याही जातिधर्माचं असो, भाव आणि बोलणं एकच ठेवा.

आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातल्या निराधार मुलींना आसरा दिला. केडगावच्या मुक्तिसदनात शेती, विणकाम, छपाई शिकवून त्यांना पायावर उभं केलं. त्यांची श्रद्धा अशी कामातून दिसली.

दुकानात वचनांची पाटी लावायला हरकत नाही. पण गिऱ्हाईक आधी काटा पाहतं. तोच चोख ठेवा.