घटाच्या माळेचा तरवड



आजचं वाचन गीतेच्या नवव्या अध्यायातला २६वा श्लोक. पान, फूल, फळ, पाणी. भक्तीने दिलेलं यातलं काहीही भगवंत स्वीकारतो, असा अर्थ. पुण्यात बसून मी तो बरीच वर्षं ‘सोपी पूजा’ म्हणून वाचला. आमच्या अंबाजोगाई तालुक्यातल्या गावात मात्र त्या चारांतलं पाणीच सगळ्यात महाग.

तीन वर्षांपूर्वी आईच्या पूजेसाठी मी अंगणात गुलाब आणि मोगरा लावला. ठिबक, टायमर, सगळं इंजिनिअरिंग करून झालं. एप्रिलमध्ये बोअर आटला. मे महिन्यात कळलं की आई टँकरवर रांगेत उभी राहून पाणी आणते आणि त्यातल्या दोन कळश्या रोज त्या रोपांना घालते. गुडघे दुखत असताना. का? तर, “तू लावली होतीस ना.” फोन ठेवून मी बराच वेळ लॅपटॉपकडे नुसता बघत बसलो. रोपं तरी जळालीच.

नंतर आईच म्हणाली, “देवीला माळ तरवडाची लागते. तो कुठं पाणी मागतो?”

खरंय. नवरात्रात आमच्याकडे घटाला तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ चढते. शेजारच्या तेलंगणात हाच तरवड ‘तंगेडू’ नावाने राज्यफूल आहे, आणि त्याच दिवसांत बतुकम्माच्या फुलांच्या उतरंडीत तो रचतात. (तरोटा वेगळा बरं का, गल्लत करू नका.)

लावायचा तर बी जागेवरच पेरा. मूळ सरळ खोल जातं, त्यामुळे उपटून दुसरीकडे लावलेलं झुडूप सहसा तग धरत नाही. बियांचं कवच टणक असतं. दगडावर जरा घासून रात्रभर पाण्यात भिजवा. पाऊस लागला की मुरमाड, निचऱ्याच्या जागेत टाका. पहिल्या उन्हाळ्यात मी आठवड्यातून एकदा तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी घालायला सांगितलं होतं, पुढे तेही बंद. मुळाशी पाणी साचलं की कुजतं. एक रोप मी सुट्टीत घरी असताना लाडाने मारलंय.

गेल्या आश्विनात फुलं आली. घरच्या फुलांच्या पाचच माळा झाल्या, उरलेल्या चार आईने बांधावरच्या तरवडाच्या केल्या.

ठिबकची नळी अजून अंगणातच आहे. आई तिच्यावर कपडे वाळत घालते.