उतरलेली चेन

परभणी,
नागपंचमी

चि. छकुलीस मामाचे अनेक आशीर्वाद.

काल अक्काचा फोन आला. शाळेतून येताना तुझी चेन उतरून चेनव्हील आणि फ्रेमच्या मधे अडकली म्हणे. तू पायडलवर उभी राहून जोर लावलास आणि शेवटी गारा तुडवत सायकल ढकलत आणलीस. रागावत नाही, पण अडकलेल्या चेनीला पुढे दाबलं की ती आणखी रुतते, एवढं ध्यानात ठेव.

पुढच्या वेळी सायकल डबल स्टँडवर लाव, ओढणी कमरेला खोच. पायडल हळूच उलटं फिरव. बऱ्याचदा तेवढ्यानंच सुटते. नाहीच सुटली, तर मागच्या चाकाचे दोन्ही नट सैल करून चाक थोडं पुढे सरकव आणि काडीने चेन बाहेर ओढ. आधी मागच्या फ्रीव्हीलवर बसव, मग चेनव्हीलच्या वरच्या दात्यांवर चार कड्या चढवून पायडल सावकाश पुढे फिरव. फिरत्या दात्यांजवळ बोट नेऊ नकोस. माझ्या अंगठ्याचं नख तू पाहिलंच आहेस.

मग चाक मागे ओढून, सरळ धरून नट आवळ. चेन मधोमध अर्धा इंच वरखाली हलली पाहिजे. जास्त ढिली राहिली तर उतरते, फार ताणली तर पायडल जड जातं.

पण माय, चेन काही एका दिवसात उतरली नसेल. कव्हरला लागून ती खडखडत असणार, आणि तू म्हणाली असशील, चालतंय ना! आपल्या काळ्या रानातला चिकट गारा चेनीत शिरतो आणि पिना घासतो. लोखंड ताणलं जात नाही, पिना झिजतात. म्हणून चेन लांबते. दर रविवारी फडक्याने पूस, शिवणयंत्राच्या तेलाचे थेंब सोड, वरचं तेल टिपून घे. ग्रीस थापू नकोस, गारा त्यालाच धरतो.

दप्तरात फूटपट्टी आहेच. पिनेपासून पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे 24 कड्यांचे बरोबर 12 इंच. त्यावर 1/8 इंच भरला की चेन बदलायची.

अक्का म्हणाली, मामाला बोलव. मी येईनच, पण नवी चेन आणायची की नाही ते तुझ्या मापावर ठरेल. मोजून कळव.

तुझा,
मामा